डॉक्टर पिकरेल यांचे अनवाणी चिरंजीव

बेल क्रॉसिंगमधल्या डॉक्टर लोवेल पिकरेल यांच्या दातांच्या दवाखान्यात जोड्यांचं पहिलं पार्सल आलं, तेव्हा पोस्टमनने पत्ता चुकवला असं मार्लीनला वाटलं. मार्लीन म्हणजे डॉक्टरांची बायको. दवाखान्यातलं टेबल आणि टेलिफोन तीच सांभाळायची. खोक्यात तपकिरी बूट होते आणि सोबत चिठ्ठी होती: 'अनवाणी वाढलेल्या लेकरांच्या आईवडिलांस. आता निदान नातवंडांना तरी होतील. ओहायोतली एक बहीण.' दुसऱ्या दिवशी पोस्टमन ढकलगाडी घेऊन आला. तिसऱ्या दिवशी दाढ दुखणाऱ्या माणसांना बसायला जागा राहिली नाही, कारण सगळ्या खुर्च्यांवर जोडे बसले होते. शेजारच्या परगण्यातल्या एका चर्चची मंडळी मटारचे डबे पायरीवर ठेवून, डोळे पुसत निघून गेली.

मार्लीनने नॅशव्हिलला मुलाला फोन लावला.

"वेड, तू टीव्हीवर काय बोललास?"

"ममा, तू बघितलंस?"

"मी चर्चच्या स्वयंपाकघरात होते. पण बाकी सगळ्या गावाने बघितलं. आज सकाळी मिसेस टिबेट माझा हात धरून म्हणाली, 'मार्लीन, तुम्हा लोकांवर अशी वेळ आली होती, आणि तू आम्हाला बोलली नाहीस कधी.' तिच्या शेजारी तीस वर्षं राहतेय मी. तिला माझे पडदेसुद्धा पाठ आहेत."

वेडने फोन दुसऱ्या कानाला लावला. गेल्या गुरुवारी आपण काय बोललो, ते त्याला पाठ होतं.

वेड पिकरेल हा कंट्री गाण्यांतला चांगला गाजलेला गायक. आवाज असा, की ट्रक चालवणारी माणसं गाडी बाजूला घेऊन ऐकत. पण दैवाने गळा दिला आणि अक्कल आवरती घेतली, असं काही जणांचं होतं. वेडला गाऊन समाधान नव्हतं, त्याला नट व्हायचं होतं. सकाळच्या कार्यक्रमांत तो गायला, स्वयंपाकाच्या कार्यक्रमात त्याने अंडी फोडली, आणि तीन मालिकांतही कामं केली. पहिलीत तो दारूच्या गुत्त्यात पेले पुसत होता. दुसरीत तो प्रेत होता, आणि प्रेताच्या पापण्या हलल्या. तिसरीत त्याने स्वतःचीच, म्हणजे वेड पिकरेल या गायकाची भूमिका केली. ती पटण्यासारखी नाही असं एका वर्तमानपत्राने लिहिलं.

अशात एक मोठी मालिका निघायची बातमी आली. जुन्या मंदीच्या काळातलं एक कुळाचं कुटुंब, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारं. त्यातल्या थोरल्या मुलाच्या कामासाठी वेडचं नाव विचारात होतं. त्याच वाहिनीच्या गप्पांच्या कार्यक्रमात त्याला बोलावलं गेलं, तेव्हा सगळे आपल्याला तोलून बघताहेत हे त्याला कळत होतं.

त्याच्या आधी एक म्हातारी गायिका बसली होती. तिने कापूस वेचून सोललेल्या बोटांची गोष्ट सांगितली आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. कंट्री गाण्यांच्या मुलखात गरिबी म्हणजे खानदान. ज्याच्या घरात पाऊस गळला नाही, त्याच्या गाण्यावर लोक संशय घेतात. मग सूत्रधार वेडकडे वळला आणि म्हणाला, "तुझंही बालपण असंच गेलं असेल."

वेडच्या डोळ्यांपुढे आपलं बालपण उभं राहिलं: विटांचं दुमजली घर, पियानो, आणि इस्त्री केलेले मोजे. यातलं काहीच सांगण्यासारखं नव्हतं. जिभेला हाड नसतं ते अशा वेळी फार जाणवतं.

"आम्ही खोपटीत वाढलो. मी आणि माझी बहीण, दोघांत एकच जोड्यांची जोडी होती," तो म्हणाला. "एक दिवस ती शाळेत जायची, एक दिवस मी. दात दुखायला लागला, तर डॉक्टर कुठला? डॅडींनी स्वतः पकडीने उपटला." आणि सभागृह उभं राहिलं.

शेवटचं वाक्य तर शब्दशः खरं होतं. खोट्याला खऱ्याचं विरजण लावलं की ते असं घट्ट बसतं.

अमेरिकेने वेडला जोडे मारले नाहीत, टपालाने पाठवले. आणि जोड्यांमागोमाग वाहिनीवरच्या मिस किटरिज नावाच्या बाईचा फोन आला. वाहिनीतर्फे तुझं जन्मघर चित्रित करायचंय, ती म्हणाली. तुझे वडील, ती खोपटी, जमल्यास ती पक्कड. मालिकेचे दिग्दर्शकही ते चित्रण बघणार आहेत.

वेड बेल क्रॉसिंगला आला तेव्हा डॉक्टर दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पार्सलांच्या ढिगात बसले होते. अंगात पांढरा कोट, चष्मा कपाळावर. त्यांच्यामागच्या भिंतीवर दवाखान्याची एकुलती जाहिरात टांगलेली होती: वेडचे दोन मोठे फोटो. पहिल्यात बारा वर्षांचा वेड, दात एकमेकांवर चढलेले. दुसऱ्यात सोळा वर्षांचा वेड, दात ओळीने उभे. मधली सगळी वर्षं तारा लावून डॉक्टरांनी दर शनिवारी स्वतःच्या हाताने त्या आवळल्या होत्या. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. डॉक्टरांनी दुसऱ्यांचे दात कोरून घराचं पोट चांगलं भरलं होतं. स्वतःच्या दातांकडे मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही. दिव्याखाली अंधार, हसले की डाव्या बाजूला दोन दातांचं खिंडार दिसायचं.

आज ते हसले नाहीत. हातातल्या लहान बुटाची नाडी त्यांनी ओवली, दुहेरी गाठ मारली आणि बूट खोक्यात परत ठेवला.

"वेड," ते म्हणाले, "मी तुला जोडे घेतले नव्हते का रे?"

"घेतले होते, डॅडी."

"नाही, मला वाटलं, माझं वय झालंय, विसरलो असेन."

ते ओरडले असते तर वेडला बरं वाटलं असतं. मान खाली घालून तो जोड्यांकडे बघत राहिला. मग त्याने टीव्हीवाले येणार असल्याचं सांगितलं, आणि मालिकेचंही सांगितलं. सांगता सांगता त्याचे कान तापले.

"त्यांना खरं सांगून टाकतो," तो शेवटी म्हणाला. "काम जाईल, तर जाऊ दे."

"काम जाईल, आणि सगळा देश तुला लबाड म्हणेल," मार्लीन टेबलामागून म्हणाली. "मग मिसेस टिबेट माझा दुसरा हात धरेल."

डॉक्टरांनी आणखी एका बुटाची नाडी ओवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावलं तरी सांगायचं कुणाला? "मी येईन तुझ्या खोपटीत," ते म्हणाले. "पण खोटं बोलणार नाही. विचारतील त्याचं खरं उत्तर देईन."

खोपटी होती हॉइट नावाच्या शेजारच्या शेतकऱ्याची. वेड विचारायला गेला, तेव्हा हॉइट खेचराला पाणी पाजत होता.

"ती गवत साठवायची खोली का?" हॉइटने विचारलं. "कशाला हवी?"

"चित्रण आहे. जरा जुनी, साधी अशी जागा..."

"माझ्या आजोबांचं घर ते. माझा बाप तिथंच जन्मला." हॉइटने बादली खाली ठेवली. "गरीब दिसतं म्हणून हवंय, तर तसं म्हण की. मी काय नाही म्हणतोय?"

"गरीब दिसतं म्हणून हवंय," वेड पुटपुटला.

"घे मग. खेचर पण ने. फक्त त्याला गाणं म्हणून दाखवू नकोस, बिथरतं ते."

चित्रणाच्या दिवशी सकाळी वेड खोपटीवर पोचला आणि दारातच थांबला. मार्लीन पहाटेपासून तिथे होती. जमीन खरडून धुतली होती, खिडकीला पांढरे शुभ्र पडदे लागले होते आणि टेबलावर काचेच्या भांड्यात फुलं होती.

"ममा, हे काय केलंस? आपण गरीब आहोत."

"गरीब असू. घाणेरडे नाही. टीव्हीवरून लोक बघणार, आणि मी कोळिष्टकं ठेवू?"

"निदान पडदे तरी काढ."

"हात लावून बघ," मार्लीन म्हणाली. वेडने हात लावला नाही.

डॉक्टर हॉइटची जुनी डंगरी घालून आले. ती त्यांना आखूड होत होती. ते पडवीतल्या बाकावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि काहीही न करता असे दिसायला लागले, की जणू त्यांचं चार वर्षांचं पीक वाहून गेलंय. खरं तर त्यांना एवढंच वाईट वाटत होतं, की मुलाने आपल्याला जगापुढे नाकर्ता बाप ठरवला. पण दुःख कशाचं आहे ते काही कॅमेऱ्याला दिसत नाही.

मिस किटरिज हुशार, चटपटीत बाई होती. तिने कॅमेरा लावला, वेडला वडिलांशेजारी बसवलं आणि विचारायला सुरुवात केली.

"मुलाचा दात तुम्हीच उपटलात?"

"हो, बाईसाहेब."

"पकडीने?"

"दुसऱ्या कशाने उपटणार?"

"डॉक्टरकडे का नाही नेलंत?"

"या गावात दात काढणारा माझ्याशिवाय कोणी नव्हता."

"मुलगा रडला असेल."

"नाही. त्याचं डोकं छातीशी धरलं होतं मी. घाबरला होता, पण रडला नाही. मीच नंतर मागच्या खोलीत जाऊन जरा..." डॉक्टर थांबले. "स्वतःच्या पोराचा दात काढणं सोपं नसतं."

मिस किटरिजने घसा साफ केला. वेड जमिनीतल्या एका फटीकडे बघत होता. आपण तिथे मावू का, याचा अंदाज घेत होता. हे मागच्या खोलीचं त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"आणि जोडे? मुलं अनवाणी शाळेत जायची?"

डॉक्टरांनी मुलाकडे पाहिलं. "सकाळी मी स्वतः त्याच्या पायात जोडे घालून नाडी बांधत असे," ते शांतपणे म्हणाले. "पुढं रस्त्यात काय व्हायचं, ते त्याला विचारा."

मिस किटरिज वेडकडे वळली. वेडची दातखीळ बसली. मार्लीनला वाटलं, आता मध्ये पडायला हवं, म्हणून ती ताटली घेऊन पुढे आली. ताटलीत तिची शेंगदाण्याची चिक्की होती. ही चिक्की गावात प्रसिद्ध होती आणि दवाखान्याला तिचा मोठा आधार होता. मिस किटरिजने एक तुकडा तोंडात टाकला, कडकन आवाज झाला, आणि तिने गालावर हात दाबला.

"बघू," डॉक्टर म्हणाले.

बाकावरचं खचलेलं कूळ एका क्षणात उठलं. त्याने बाईंची हनुवटी वर केली, तोंड उजेडाकडे वळवलं, आणि डंगरीच्या खिशातून काडीचा छोटा आरसा काढला. तो आरसा त्याच्याजवळ झोपेतसुद्धा असे. "वरची उजवी दाढ. कॅप निघाली. गिळली नाहीत ना? छान. थुंका इथं. आतलं मूळ उघडं पडलंय, वारा लागू देऊ नका." मग आज आपण कूळ आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी आरसा हळूच पाठीमागे नेला.

"गावात दवाखाना आहे," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "तिथले डॉक्टर बरे आहेत, म्हणतात. वेड नेईल तुम्हाला. जरा लांबच्या रस्त्याने ने रे."

वेडने शक्य तितक्या लांबच्या रस्त्याने नेलं. बाई कण्हत होत्या, आणि तो पुलावरून जात होता, परत येत होता. दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर पांढरा कोट आणि तोंडावर मास्क लावून तयार होते. कोटाखालून आखूड डंगरी आणि हॉइटचे चिखलाचे बूट दिसत होते. मार्लीन धापा टाकत टेबलामागे बसली आणि म्हणाली, "नाव काय आपलं?"

बाईंना थेट खुर्चीत घेतलं. तोंडात कापूस गेला, सुई टोचली, दिवा लागला. वेड दारात उभा होता. बाहेरच्या खोलीत देशभरचे जोडे रचलेले होते, आणि भिंतीवरून बारा वर्षांचा वेड वाकड्या दातांनी त्याच्याकडे बघत होता. त्या पोराला त्या दिवसांत आरशात बघायची लाज वाटायची. शाळेत 'सशा' म्हणायचे त्याला. बापाने ती लाज दर शनिवारी थोडी थोडी आवळून काढून टाकली होती. आणि त्याच दातांनी हसून आपण बापाला सगळ्या देशापुढे अनवाणी उभं केलं. वेडला एकदम तिथे उभं राहवेना.

"मिस किटरिज," तो खुर्चीजवळ जाऊन म्हणाला, "मी खोटं बोललो. हे माझे वडील. हा यांचा दवाखाना. आमचं घर विटांचं आहे, पियानो आहे. मला जोडे होते. दर वर्षी शाळेच्या सुरुवातीला नवे. पुलाखाली मी ते काढून ठेवायचो, कारण बाकीची पोरं अनवाणी यायची आणि मला त्यांच्यातला दिसायचं होतं. ती खोपटी हॉइटची. खेचरही त्याचंच. माझं काम जाऊ दे, पण यांना कोणी गरीब म्हणू नका. यांनी मला काही कमी केलं नाही."

मिस किटरिज घशातून काहीतरी बोलल्या. कापसामुळे काही कळलं नाही.

"तो दिवा जरा इकडे कर," डॉक्टर म्हणाले. वेडने दिवा धरला. डॉक्टरांचे हात थांबले नाहीत, पण मास्कच्या वर चष्म्यावर वाफ धरली होती, आणि ती त्यांनी पुसली नाही.

कॅप बसली. बाईंनी चूळ भरली, अर्ध्या बधिर ओठांनी दोनतीनदा बोलून बघितलं आणि मग म्हणाल्या, "माहीत होतं आम्हाला."

"काय?"

"तू त्या दिवशी टीव्हीवर हसलास ना, तेव्हाच ऑफिसात सगळे म्हणाले, एका जोडीवर वाढलेल्या पोराचे दात असे नसतात. असे दात कोणीतरी मागे लागल्याशिवाय होत नाहीत." त्यांनी उघड्या दारातून बाहेरच्या भिंतीवरच्या फोटोंकडे बोट केलं. "दिग्दर्शक म्हणाले, पोरगा खोटं चांगलं बोलतो, कदाचित नट असेल. जाऊन बघ."

"मग?" वेडने विचारलं.

"नाहीस," मिस किटरिज म्हणाल्या. "आज सकाळपासून तुझ्या तोंडावर फक्त लाज आहे. दुसरं काहीच येत नाही." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "तुम्ही जरा मास्क काढता? आणि हसून दाखवता?"

डॉक्टर हसले. डावीकडचं खिंडार बघून मिस किटरिज खुर्चीत उठून बसल्या. मालिकेतल्या म्हाताऱ्या कुळाचं, बापाचं काम कोणाला द्यावं याचा घोळ महिनोन् महिने चालला होता. आलेल्या प्रत्येक नटाचे दात दोन्ही बाजूंनी शाबूत होते.

डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं. शनिवारी पेशंट असतात, म्हणाले. मार्लीनने त्यांना कोपऱ्यात घेतलं, आणि मिसेस टिबेटला काय वाटेल याचं वर्णन केलं, तेव्हा ते बसून कथा वाचायला तयार झाले. वाचून झाल्यावर चष्मा वर सरकवून म्हणाले, "यात माझी मुलं अनवाणी आहेत."

"मंदीचा काळ आहे, डॉक्टर. कूळ आहे ते. सगळेच अनवाणी होते."

"असतील. माझा धाकटा अनवाणी राहणार नाही. मी काहीही विकेन, पण त्याच्या पायात जोडे घालीन. तसं लिहा, नाहीतर दुसरा माणूस बघा."

दुसरा माणूस नव्हता, म्हणून तसं लिहिलं. जोडे विकत आणावे लागले नाहीत. मापाची एक जुनी जोडी पार्सलांत सापडली. उरलेली सगळी मार्लीनने परगण्यातल्या शाळांना वाटली. वेडलाही मालिकेत काम मिळालं. तो जमीनदाराचा लाडावलेला मुलगा होता. त्याला वाक्य नव्हतं, नुसतं दोनदा हसायचं होतं. यावेळी वर्तमानपत्राने लिहिलं की हे काम पटलं.

तो भाग लागला तेव्हा डॉक्टर पेशंट बघत होते. वेड आणि मार्लीन घरी टीव्हीपुढे बसले होते, आणि हॉइट आपलं खेचर कसं दिसतं ते बघायला आला होता. पडद्यावर म्हातारं कूळ पडवीत गुडघा टेकून बसलं होतं. समोर एक लहानसा पोरगा पाय लांब करून बसला होता. म्हाताऱ्याने त्याचा एक पाय मांडीवर घेतला, तळव्याची माती हाताने झटकली, जोडा चढवला आणि नाडी बांधली. मग दुहेरी गाठ मारली, आणि घोट्यावर हलकेच थोपटलं.

हॉइट नाक शिंकरत म्हणाला, "तुझा बाप नट निघाला रे. कुठं शिकला हे?"

"त्याला नाटक येत नाही," मार्लीन म्हणाली. "तो रोज सकाळी असंच करायचा. तरी हा पुलाखाली सोडायचा कसा, कोण जाणे. दुहेरी गाठ सुटता सुटत नाही."

"दातांनी सोडायचो," वेड म्हणाला.